दूध डेअरीचा सर्व्हर: प्रोसेसच्या तब्येतीची नोंदवही

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार

शनिवारी संध्याकाळी सातपासून रविवारी सकाळी अकरापर्यंत एकाही सभासदाला बिलाचा संदेश गेला नाही. ११ ते २० तारखेचं बिल २१ ला निघतं, म्हणजे नेमका वाट बघण्याचा दिवस. सभासदांचे फोन गावच्या संस्थेच्या सचिवाला, सचिवांचे डेअरीला, डेअरीचे मला. मी घरून सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरचं पान उघडलं. सगळं हिरवं. "सर्व्हर व्यवस्थित आहे, नेटवर्कचा घोळ असेल," असं छातीठोक सांगून मी जेवायला बसलो.

रविवारी आत शिरून पाहिलं, तर संदेश पाठवणारी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, जिवंत होती. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएस कमांडच्या यादीत दिसत होती, अवस्था 'एस', म्हणजे झोपलेली, सीपीयू शून्य टक्के. झोपलेलं असणं हा दोष नाही. सर्व्हरवरच्या बहुतेक प्रोसेस बहुतेक वेळ झोपलेल्याच असतात, काम आलं की उठतात. ही उठतच नव्हती. एसट्रेस (प्रोसेस कुठे अडलीय ते दाखवणारं साधन) लावला तर पडद्यावर एकच अर्धवट ओळ: सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकावरून, रीड. पुढे काही नाही. संदेश पाठवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडून उत्तर यायची वाट बघत ती सोळा तास तशीच बसून होती. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला आपण मुदत दिली नाही, तर ती स्वतःहून कधीच कंटाळत नाही. कोडमध्ये टाइमआउट नव्हता. कोड माझाच, २०२१ चा.

आज डेअरीत जाऊन बोलणी खाल्ली. मॅनेजर आरडाओरडा करणाऱ्यातले नाहीत, ते एवढंच म्हणाले, "हिरवा दिवा लागला होता म्हणता, मग तो दिवा जोडलाय कशाला?"

उत्तर नव्हतं. दिवाळीआधी फरक बिल (वर्षभराच्या दुधाच्या दरातला फरक) आहे, तेव्हा असं झालं तर फक्त बोलण्यावर भागणार नाही. महिनाभर रोज थोडा वेळ यासाठी काढायचा ठरवलं.

मशीनची माहिती पुन्हा एकदा: उबंटू लिनक्स २२.०४, ४ कोअर, ८ जीबी रॅम, डेअरीच्या ऑफिसात जिन्याखालच्या खोलीत. ६२ संकलन केंद्रं. मशीनवर मारियाडीबी (डेटाबेस), एन्जिनएक्स, पीएचपी आणि माझ्या तीन पायथन प्रोसेस: 'आवक' केंद्रांकडून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) घेते, 'बिल' हिशेब करते, 'संदेश' मोबाइलवर कळवते.

२४ सप्टेंबर

दिवा कशाला जोडलाय ते पाहिलं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी एक स्क्रिप्ट: पीएसची यादी घे, त्यात 'संदेश' हा शब्द शोध, किती ओळी सापडल्या ते मोज. शून्यापेक्षा जास्त म्हणजे हिरवा.

एक प्रयोग केला. संदेशची प्रोसेस चक्क बंद केली आणि दुसऱ्या खिडकीत तिच्या लॉगवर (नोंदींची फाइल) टेल, म्हणजे शेवटच्या ओळी दाखवत राहणारी कमांड, लावून ठेवला. दिवा हिरवाच! लॉगच्या फाइलच्या नावातही 'संदेश' आहे, त्यामुळे टेलची ओळ मोजली गेली. म्हणजे प्रोसेस मरते, काय झालं म्हणून मी लॉग उघडून बसतो, आणि माझ्या बघण्यामुळेच मॉनिटर म्हणतो की ती ठणठणीत आहे. फाइल एडिटरमध्ये उघडी असली तरी तेच.

पिडफाइल (प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवलेली फाइल) वापरली तर हे टळतं असं वाटेल, पण तिचा वेगळा खोडा आहे. लाइट गेली की फाइल तशीच राहते, मशीन पुन्हा चालू झाल्यावर तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळू शकतो. नाव आणि क्रमांक या दोन्हींवर विसंबायचं नाही. प्रोसेसला जन्म देणाऱ्यालाच विचारायचं, म्हणजे सिस्टिमडीला, लिनक्सवर सर्व्हिस चालू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामला.

२५ सप्टेंबर

तिन्ही प्रोसेस आजवर 'स्क्रीन'मध्ये, म्हणजे हाताने उघडून ठेवलेल्या टर्मिनलमध्ये, चालत होत्या. ऑफिसातला संगणक बघणारा मुलगा मशीन चालू झालं की वहीत लिहिलेल्या तीन ओळी टाइप करायचा. तो रजेवर असला की मी फोनवरून सांगायचो. आज तिघींच्या सर्व्हिस फाइल लिहून त्या सिस्टिमडीच्या ताब्यात दिल्या. वही त्याने तरी ठेवून घेतलीय, बरोबरच आहे त्याचं.

दुपारी मुद्दाम लाइट घालवल्यासारखं केलं, मशीन बंद करून चालू. 'आवक' उठली नाही. कारण मजेशीर निघालं. ती डेटाबेसआधी उठायची, जोडणी मिळाली नाही म्हणून मरायची, सिस्टिमडी तिला पुन्हा उठवायचा. डीफॉल्टला तो फक्त १०० मिलिसेकंद थांबतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवून झालं की हात टेकतो. डेटाबेसचा अजून चहासुद्धा झालेला नसतो तोवर आमचे पाचही प्रयत्न संपलेले. मग दोन गोष्टी केल्या: सर्व्हिस फाइलमध्ये 'मारियाडीबीनंतर' असं सांगितलं, आणि पुन्हा उठवण्याआधीची विश्रांती १५ सेकंद केली. १५ सेकंदांच्या अंतराने १० सेकंदांत पाच प्रयत्न होऊच शकत नाहीत, त्यामुळे तो हात टेकत नाही.

रिस्टार्ट 'ऑन-फेल्युअर' (बिघाडाने मेली तरच) ठेवावा की 'ऑल्वेज' (कशीही मेली तरी)? मी 'ऑल्वेज' ठेवला. माझ्या जुन्या कोडमध्ये एका ठिकाणी चूक पकडून, लॉगमध्ये लिहून, प्रोसेस शून्य परत देऊन शांतपणे बाहेर पडते. सिस्टिमडीच्या दृष्टीने तो नैसर्गिक मृत्यू, 'ऑन-फेल्युअर'मध्ये तो उठवायला जात नाही.

टाइमआउट घातला: जोडणीला ५ सेकंद, उत्तराला २०. ही एक ओळ तीन वर्षांपूर्वी लिहिली असती तर ही वही उघडावी लागली नसती.

२७ सप्टेंबर

मेली तर उठेल एवढी सोय झाली. पण २१ तारखेला ती मेली नव्हती, बसून राहिली होती. टाइमआउटने ती एक जागा बुजली, अशा आणखी किती असतील ते मला माहीत नाही. म्हणून वॉचडॉग.

यात प्रोसेसने ठरावीक वेळात सिस्टिमडीला 'मी आहे' असं कळवायचं. नाही कळवलं तर सिस्टिमडी तिला अबॉर्टचा सिग्नल देतो आणि पुन्हा उभी करतो. मी १२० सेकंदांची मुदत दिली.

हे कळवायचं कुठून, यावर सहकाऱ्याशी तासभर वाद झाला. तो म्हणाला, वेगळा थ्रेड (प्रोसेसच्या आतच समांतर चालणारा धागा) कर, तो दर मिनिटाला कळवत राहील, मुख्य कामाला हात लावायला नको. सोपं आहे, आणि निरुपयोगी. मुख्य थ्रेड सोळा तास सॉकेटवर बसला तरी तो दुसरा थ्रेड इमानेइतबारे 'मी आहे' सांगत राहणार. पेशंट एक आणि नाडी बघायची शेजाऱ्याची, असला प्रकार. कळवणं कामाच्या फेरीतूनच निघालं पाहिजे: रांगेतले संदेश उचलले, पाठवले, फेरी संपली, मग कळवा. तसंच केलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मीच घातलेल्या वॉचडॉगने आज मलाच चावा घेतला.

२१ ते ३० चं बिल. रोजच्या दिवशी संदेशच्या एका फेरीत वीस-तीस संदेश असतात, बिलाच्या दिवशी पाचशेचा गठ्ठा. फेरी संपली की कळवायचं, असं मीच लिहिलं होतं. पाचशेच्या गठ्ठ्याला तीन मिनिटं लागतात. सिस्टिमडीने १२० सेकंद मोजले आणि धडधाकट, भरपूर काम करत असलेली प्रोसेस उडवली. 'पाठवला' ही खूण गठ्ठा संपल्यावर एकदम मारली जायची. म्हणजे पुन्हा उठल्यावर तिच्या लेखी एकही संदेश गेलेला नव्हता, आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा १२० सेकंद, पुन्हा उडवली. माझ्या लक्षात येईपर्यंत तीन फेऱ्या झाल्या होत्या, आणि यादीत वर असलेल्यांना बिलाचा तोच संदेश तीन-तीनदा गेला.

एका गावात एक सभासद तिप्पट रक्कम जमा झाली असेल म्हणून पासबुक घेऊन बँकेत गेले, असं सचिवांनी सांगितलं. हसावं का रडावं. 'संदेश चुकून पुन्हा आला आहे, दुर्लक्ष करावे' असं कळवावं म्हटलं तर तेही जमेना. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमांप्रमाणे असे संदेश आधी डीएलटीवर (साचे नोंदवायचं पोर्टल) मंजूर झालेल्या साच्यातूनच जातात, आणि माफीचा साचा कोणी मंजूर करून ठेवलेला नसतो. सचिवांनी संकलनाच्या वेळी तोंडी सांगितलं.

बदल: प्रत्येक संदेश पाठवण्याआधी त्याच्यावर 'पाठवतोय' अशी खूण, गेल्यावर 'पाठवला'. मध्येच प्रोसेस मेली तर 'पाठवतोय' वर अडकलेला एखाद-दुसरा संदेश आपोआप पुन्हा पाठवायचा नाही, बाजूला ठेवून माणसाने बघायचा. पैशाच्या संदेशात एखादा न गेलेला परवडतो, दुबार गेलेला नाही. आणि 'मी आहे' आता गठ्ठ्यामागे नाही, प्रत्येक संदेशामागे.

सहकारी काही बोलला नाही. बोलला असता तरी ऐकून घेतलं असतं. पण वेगळा थ्रेड अजूनही चूकच.

३ ऑक्टोबर

मेमरी. संगणक बघणाऱ्या मुलाचा सकाळी घाबरून फोन, "रॅम संपली, फक्त दोनशे एमबी उरलीय." त्याने 'फ्री' कमांडमधला 'फ्री' नावाचा रकाना वाचला होता. लिनक्स मोकळी रॅम मोकळी ठेवत नाही, डिस्कवरच्या फाइल तिथे साठवून ठेवतो आणि कोणी मागितली की लगेच सोडतो. बघायचा तो 'अव्हेलेबल' हा रकाना, आणि तो ३.१ जीबी दाखवत होता.

त्या निमित्ताने कर्नलचा (लिनक्सचा गाभा) जुना लॉग चाळला आणि वेगळंच सापडलं. १२ ऑगस्टला दुपारी 'आउट ऑफ मेमरी', आणि मारलेल्या प्रोसेसचं नाव मारियाडीबी. त्या दिवशी डेटाबेस बंद पडल्याचं मला आठवतं. मुलाने मशीन रिस्टार्ट केलं, 'लाइट कमी-जास्त झाली असेल' असं ठरलं, विषय संपला.

मेमरी खरोखर संपली की कर्नल कोणाला तरी मारतो. कोणाला, हे तो गुण देऊन ठरवतो, आणि गुण मुख्यतः कोणी किती मेमरी अडवलीय त्यावर. गुन्हेगार कोण हे तो बघत नाही. त्या दुपारी ऑडिटसाठी वर्षभराचा अहवाल काढायला घेतला होता. अहवालाची स्क्रिप्ट सगळं वर्ष एका दमात मेमरीत ओढते, पण सगळ्यात मोठी दिसली डेटाबेस, कारण तिला आम्हीच निम्म्याहून जास्त रॅम देऊन ठेवलीय. बळी तिचा गेला. चोर सोडून संन्याशाला.

आता अहवाल स्वतंत्र सर्व्हिसखाली, मेमरीची कमाल मर्यादा १ जीबी. ओलांडली तर तीच मरेल. मारियाडीबीचा गुण उणे ६०० ने खाली आणला. उणे १००० केलं तर कर्नल तिला कधीच हात लावत नाही, पण तसं केलं नाही. उद्या खरंच तीच फुगली तर बाकी सगळं मारून शेवटी मशीन लटकेल.

५ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस सार्थकी लागला.

डेअरीत एक जुनी पद्धत आहे: पंधरा दिवसांनी एकदा सर्व्हर रिस्टार्ट करायचा. का, ते कोणाला माहीत नाही. नाही केला तर 'केंद्रं जोडत नाहीत'. अमावस्येला वाहनापुढे नारळ फोडतात तितक्याच श्रद्धेने तो मुलगा हे करतो. मला ते नेहमी अडाणीपणाचं वाटायचं. आज कळलं की त्याचं निरीक्षण अचूक होतं.

'आवक' प्रोसेसच्या उघड्या फाइली मोजल्या. प्रॉकमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतो ती जागा) प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाने एक फोल्डर असतो, त्यात 'एफडी' म्हणून उपफोल्डर, तिथल्या नोंदी मोजल्या की झालं. आकडा ८११. केंद्रं ६२. लिनक्समध्ये सॉकेट हीसुद्धा उघडी फाइलच, आणि एका प्रोसेसची नेहमीची मर्यादा १०२४. एसएस (जोडण्या दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तर साडेसातशेवर जोडण्या 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे चालू. एकेका केंद्राच्या नावे दहा-दहा, डोंगराकडच्या दोन केंद्रांच्या नावे तर चाळीसच्या वर.

डोंगराकडे लाइट जास्त जाते, तिथंच सगळी मेख आहे. व्यवस्थित जोडणी तोडताना केंद्राचा संगणक 'मी निघतो' असा निरोप देतो, मग आमचा सर्व्हरही आपलं टोक बंद करतो. लाइट जाते तेव्हा राउटर निरोप न देताच मरतो. आमच्या बाजूला जोडणी जिवंतच दिसत राहते. लाइट आल्यावर केंद्र नवी जोडणी काढतं, जुनी तशीच लटकलेली. दिवसाला दोनदा-तीनदा लाइट गेली की हिशेब आपोआप वाढत जातो, आणि पंधरा दिवसांच्या आसपास १०२४ ला टेकतो. मग 'टू मेनी ओपन फाइल्स', नवं केंद्र जोडलं जात नाही, आणि रिस्टार्ट करताच सगळं 'बरं' होतं.

या सगळ्या वेळात प्रोसेस चालू असते, वॉचडॉगला कळवत असते, सीपीयू-मेमरी उत्तम असते. आधीच जोडलेल्या केंद्रांचं दूध नोंदलंही जात असतं. फक्त नवं कोणी आत येऊ शकत नाही.

मर्यादा वाढवून ४०९६ करणं हा पळपुटेपणा झाला असता, पंधरा दिवसांचे दोन महिने झाले असते इतकंच. खरा उपाय कीपअलाइव्ह: जोडणी शांत असली की मधूनमधून समोरच्याला टोकून बघायचं. सॉकेटवर तो चालूच केलेला नव्हता. चालू केला तरी लिनक्समध्ये पहिली टोचणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा विचारून तो नाद सोडतो. सकाळचं संकलन तीनेक तासांत आटोपतं, तिथे हा वेग काय कामाचा? पहिली टोचणी ३०० सेकंदांवर आणली.

मॉनिटरमध्ये नवी ओळ: उघड्या फाइली, २०० च्या वर गेल्या तर कळव. रात्री दहा वाजता आकडा ७१.

मुलाला सांगितलं की आता रिस्टार्टची गरज नाही. तो "बरं" म्हणाला. करत राहणार, माहीत आहे.

८ ऑक्टोबर

सकाळी सहाला पावत्या हळू निघतात, ही सचिवांची जुनी तक्रार. आज पहाटे उठून बसलो. सहा वाजून चार मिनिटांनी लोड ॲव्हरेज ९.४. कोअर चार. पण सीपीयू ८० टक्के रिकामा.

लिनक्सचं लोड ॲव्हरेज म्हणजे फक्त सीपीयूसाठी रांगेत उभे असलेले नव्हेत. 'डी' अवस्थेतले, म्हणजे डिस्कसारख्या गोष्टीसाठी अडून बसलेलेही त्यात धरले जातात. या अवस्थेतली प्रोसेस किल -९ या सक्तीने मारणाऱ्या कमांडलाही सहसा दाद देत नाही, डिस्कचं काम होईपर्यंत सिग्नल दारात उभा राहतो. कर्नल ४.२० पासून प्रॉकमध्ये 'प्रेशर' नावाच्या फाइली आल्यात. सीपीयू, मेमरी, आयओ (डिस्कशी देवाणघेवाण) या तिन्हींसाठी कामं किती टक्के वेळ खोळंबली ते त्या थेट सांगतात. आयओचा आकडा ६० च्या पुढे, बाकी दोन जवळजवळ शून्य. लोड ॲव्हरेजपेक्षा हे कितीतरी स्पष्ट. मॉनिटरमध्ये लोडच्या जागी हेच घेतलं.

डिस्क कोण खातंय? बॅकअप. क्रॉनमध्ये वेळ ००:३०, रात्री साडेबारा. मग तो सकाळी सहाला काय करतोय? मशीनचं घड्याळ यूटीसीवर (ग्रीनिचची वेळ). त्यात साडेपाच तास मिळवा: बरोबर सकाळी सहा. तीन वर्षं रोज, पहिला कॅन काट्यावर यायच्या मुहूर्तावर, आम्ही सगळा डेटाबेस यूएसबी डिस्कवर ओतत होतो.

टाइमझोन एशिया/कोलकाता केला आणि क्रॉन रिस्टार्ट केला, नाहीतर तो जुन्याच घड्याळाने चालतो. उद्या सकाळचा आकडा बघायचा.

९ ऑक्टोबर

सहा वाजून पाच मिनिटं, लोड ०.७.

११ ऑक्टोबर

बिलाचा दिवस, शांत. संदेश गेले, एकेकदाच गेले.

मुलाने टॉप कमांडमध्ये '१४ झॉम्बी' असं वाचून फोन केला. नावामुळे लोक उगाच घाबरतात. झॉम्बी ही मेलेलीच प्रोसेस, मेमरी नाही, सीपीयू नाही. आईने, म्हणजे तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसने, येऊन मृत्यूचा दाखला नेला नाही म्हणून रजिस्टरमध्ये नाव उरलंय एवढंच. किल -९ करून काही होत नाही, मेलेल्याला काय मारणार. आमच्याकडे 'बिल' प्रोसेस पीडीएफ बनवायला छोट्या प्रोसेस काढते आणि त्यांच्यासाठी 'वेट' करत नाही. एक ओळ बदलली. चौदाने काही बिघडलं नसतं, आकडा रोज वाढत गेला असता तर मात्र क्रमांक संपले असते.

उद्या दसरा, सुट्टी.

१३ ऑक्टोबर, रविवार

गेले तीन आठवडे मी प्रोसेसकडे बघतोय: जिवंत आहे का, फाइली किती, मेमरी किती. मॅनेजरांचा प्रश्न मात्र तिथेच आहे. दिवा जोडायचा कशाला?

आज उलट बाजूने विचार केला. सभासदाला काय हवं असतं? बिल निघाल्यावर संदेश. मग डेटाबेसला एकच प्रश्न: रांगेत सगळ्यात जुना, अजून न गेलेला संदेश किती मिनिटांपूर्वीचा? हा आकडा लहान असेल तर आत काय चाललंय याच्याशी मला देणंघेणं नाही. मोठा असेल तर प्रोसेस जिवंत असो, झोपलेली असो, झॉम्बी असो, काहीतरी तुंबलंय. २१ सप्टेंबरला हा एक प्रश्न विचारला असता तर संध्याकाळी सव्वासातला फोन वाजला असता. रांगेची लांबी मुद्दाम घेतली नाही. बिलाच्या दिवशी हजारोंची रांग निरोगी असते, आणि एरवी तीनच संदेश तासभर अडकले तर तो आजार.

आवकसाठीही तसंच: संकलनाच्या वेळेत, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५:३० ते ८:३०, शेवटची नोंद किती मिनिटांपूर्वीची? दुपारी दोनला नोंद नसणं ही प्रकृती, सकाळी सातला नसणं ही विकृती.

शिवाय एकूण आवक मागच्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाली तर इशारा, असंही घातलं.

हे सगळं विचारणारा त्याच मशीनवर राहतो, म्हणजे मशीनच गेलं तर गप्प बसणार. म्हणून बाहेर एक स्वस्त भाड्याचं मशीन घेतलं. आमचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी त्याला हाक देतो, दोन हाका चुकल्या की ते मला फोन लावतं. गप्प बसणं हाच इशारा.

पहिल्याच संध्याकाळी फोनवर ४७ इशारे. रात्री बसून छाटले. फोन वाजेल फक्त तीन गोष्टींना: सगळ्यात जुना संदेश १० मिनिटांवर, संकलनाच्या वेळेत २० मिनिटं नोंद नाही, आणि मशीन गप्प. बाकी सगळं सकाळच्या एका मेलमध्ये. पन्नास इशारे येणारा फोन माणूस तिसऱ्या दिवशी उपडा करून ठेवतो, मी तर दुसऱ्याच.

१६ ऑक्टोबर

संध्याकाळी साडेआठला मॉनिटरच्या पानावर लाल ओळ: आवक ३१ टक्क्यांनी कमी. पोटात गोळा. प्रोसेस ठीक, जोडण्या ६२ च्या ६२, शेवटची नोंद दोन मिनिटांपूर्वीची, डिस्क मोकळी. अर्धा तास खालीवर शोधलं. शेवटी डेअरीत फोन केला.

"साहेब, आज कोजागिरी आहे. दूध कढईत गेलंय."

मागून हसण्याचा आवाज. माझ्या घरातही गॅसवर बदाम-केशर घालून दूध आटत होतं, तेवढंही डोक्यात आलं नाही. टक्केवारीचा इशारा काढून टाकला. दूध किती यावं हे म्हशी, सण आणि पाऊस ठरवतात. आलेलं दूध वेळेवर नोंदलं जातंय का, एवढंच सर्व्हरला विचारावं.

१९ ऑक्टोबर

मुलासाठी एक कागद लिहून सर्व्हरच्या खोलीत चिकटवला. रिस्टार्टवर बंदी नाही, पण त्याआधी एक कमांड चालवायची. ती प्रोसेसची यादी, उघड्या जोडण्या, प्रेशरचे आकडे आणि पायस्पाय या साधनाने काढलेली पायथन कोडमधली सध्याची जागा एका फाइलमध्ये उतरवते. वीस सेकंदांचं काम. रिस्टार्ट केला की पुरावा पुसला जातो. तीन वर्षं आम्ही दर पंधरवड्याला तो पुसत होतो.

त्याने वाचून विचारलं, "म्हणजे पंचनामा करून मग प्रेत हलवायचं?" कागदावरचं माझं शीर्षक खोडून हेच लिहिलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

११ ते २० चं बिल. संध्याकाळी ७:१२ ला संदेश कंपनीचा सर्व्हर पुन्हा गप्प झाला, लॉगवरून अगदी महिन्यापूर्वीसारखाच. या वेळी २० सेकंदांनी टाइमआउट, तो संदेश बाजूला, पुढचा घेतला, त्यालाही टाइमआउट. सगळ्यात जुना संदेश चढत चढत ६ मिनिटांवर गेला, ७:१९ ला समोरचा सर्व्हर परत आला, ७:४० ला रांग रिकामी. फोन वाजला नाही. मला हे रात्री दहाला लॉग वाचताना कळलं, डेअरीत कोणाला अजून माहीत नाही.

बाजूला पडलेले १९ संदेश हाताने तपासले. त्यातले ७ खरंतर पोहोचले होते, फक्त उत्तर यायचं राहिलं होतं. उरलेले १२ पाठवले.

फरक बिल २५ ला, वसुबारस २८ ला. तोवर राहिलेलं: डिस्कचं 'व्हार' विभाजन (लॉग असतात तो भाग) ८१ टक्के भरलंय आणि फाइली मोजल्या तर हिशेब लागत नाही. पुसलेला लॉग कुठली तरी प्रोसेस अजून धरून बसली असणार, उद्या एलएसओएफ (उघड्या फाइली दाखवणारी कमांड). भाड्याच्या मशीनचे पैसे डेअरीच्या बिलात घालायचे. मुलाने काल रिस्टार्ट केलाय, पंचनाम्याची फाइल आहे, वाचायची.